घरच्या संगणकाची निगा सॉकेटपासून सुरू होते

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी २००९ सालापासून संगणक आहे. कॅबिनेट तेच राहिले. आतले भाग मात्र एकेक करून बदलत गेले. कोणता भाग कधी बदलला आणि का बदलला, हे मी पहिल्यापासून एका वहीत लिहून ठेवत आले आहे. अलीकडे आमच्या नात्यातल्या एका मुलीने नवा डेस्कटॉप घेतला आणि तो नीट टिकावा म्हणून काय करू, असे विचारले, तेव्हा ती वही काढून बसले. पाने उलटताना लक्षात आले की आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक मोठा बिघाड बाहेरून आत आलेला आहे. आधी भिंतीतली वीज, मग दमट हवा, मग धूळ; विंडोज आणि व्हायरस यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. म्हणून तिला जे सांगितले, ते इथेही बाहेरून आत याच क्रमाने आणि थोडे विस्ताराने लिहिते.

२०१४ च्या मे महिन्यात असे होऊ लागले की अनवाणी उभे असताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागले की हाताला मुंग्या येत. टेस्टर लावला तर तो मंद पेटत होता. काही दिवसांनी प्रिंटरची केबल लावताना बारीकशी ठिणगी उडाली आणि तो यूएसबी पोर्ट कायमचा बंद पडला. गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने कॅबिनेट उघडलेदेखील नाही. सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या पिना घालून आकडे पाहिले आणि विचारले, ‘वहिनी, अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी घातलं होतं?’

घर बांधल्यापासून ते कोणी घातलेच नव्हते. आमची जमीन जांभ्याची आहे आणि जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात खड्डा ओला असतो, तेव्हा मीठ-कोळसा घालून पुरलेली पट्टी आपले काम करते. एप्रिल-मे महिन्यांत तोच खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखे होते. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे घरातली वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबात बदलणाऱ्या आतल्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्यापर्यंत छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यांच्यातून होणारी अगदी किरकोळ गळती अर्थिंग चांगले असेल तर जमिनीत निघून जाते. नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. त्यातला प्रवाह फार थोडा असल्यामुळे माणसाला फक्त मुंग्या येतात, पण पाच व्होल्टवर चालणाऱ्या यूएसबी पोर्टला तेवढेही सोसत नाही.

तेव्हा नवा संगणक जोडण्यापूर्वी वायरमनकडून सॉकेट मोजून घ्यावे. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास आकडा यायला हवा, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तेवढाच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त नको. काही ठिकाणी अर्थिंगच नसते आणि सॉकेटच्या आत न्यूट्रलचीच तार अर्थच्या पिनेला जोडून दिलेली असते. मीटरवरचा आकडा त्यामुळे सुरेख दिसतो, पण कधी मागे न्यूट्रल तुटली तर संपूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतात. हा प्रकार जिवावर बेतणारा आहे, म्हणून सॉकेटचे झाकण उघडून आतली जोडणी डोळ्यांनी पाहायला सांगावे. तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणेही तितकेच चुकीचे. आमच्याकडे आता होळी झाली की दर पंधरा दिवसांनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालतो आणि मुंग्यांचा त्रास पुन्हा झालेला नाही.

यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी थोडा वेळ संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, याविषयी लोकांची एक समजूत मला वारंवार आढळते, ती म्हणजे लाईट गेल्यावर काम चालू ठेवण्यासाठी तो असतो. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची एक छोटी बॅटरी असते आणि ती दहा-पंधरा मिनिटांपुरतीच असते. तेवढ्या वेळात फाइल सेव्ह करून संगणक रीतसर बंद करायचा असतो, कारण डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि कधीकधी विंडोजही पुन्हा उठत नाही. ही बॅटरी दोन ते तीन वर्षांत थकते आणि थकल्याचे ती स्वतःहून सांगेलच असे नाही. म्हणून महिन्यातून एकदा सगळ्या फाइली बंद कराव्यात, संगणक चालू ठेवावा, यूपीएसचा भिंतीतला बटण बंद करावा आणि घड्याळ पाहावे. पहिल्या महिन्यात बारा मिनिटे आणि आता तीन मिनिटे असे दिसले तर बॅटरी बदलायची वेळ झाली. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नये. कागदावर शाई पक्की करणारा त्याचा रूळ तापताना एवढी वीज ओढतो की छोटा यूपीएस त्या झटक्याने बंद पडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच वीज देणारा असावा आणि त्याच्या मागचे बटण ‘यूपीएस’ मोडवर असावे, म्हणजे वीज गेल्यावर बदल पुरेसा झटपट होतो आणि संगणक रीस्टार्ट होत नाही.

मेच्या अखेरीस वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या की बटण बंद करून भागत नाही. प्लगच सॉकेटमधून काढावा आणि त्यासोबत मागची लॅन केबलही, म्हणजे इंटरनेटची तार, काढावी. तांब्याच्या कोणत्याही लांब तारेवरून विजेचा लोट आत येऊ शकतो. फायबरच्या तंतूतून वीज येत नाही हे खरे, पण त्याच्या राउटरचा अडॅप्टर सॉकेटलाच लावलेला असतो आणि राउटरमधून तांब्याची केबल संगणकाला गेलेली असते. आमचा एक मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात ती मुख्य पाटी, असाच या केबलवाटे गेला. त्या दिवशी प्लग काढलेला होता, केबल राहिली होती.

आता दमट हवेविषयी, कारण किनाऱ्यालगतच्या आम्हा लोकांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमच्या वाडीत वीज परत यायला महिन्याच्या वर गेले. ते सगळे दिवस भर पावसाचे. संगणक बंद, घराची कौले उडालेली, ताडपत्रीखाली कशीबशी वाचवलेली खोली. वीज आली त्या संध्याकाळी मुले संगणक चालू करायला धावली आणि मी त्यांना थांबवले. झाकण उघडले तेव्हा पत्र्याच्या कडांना तांबूस गंज आला होता, प्रोसेसरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपच्या, पंख्यावरची धूळ ओल धरून चिखलासारखी झाली होती आणि रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या कार्डाच्या, सोनेरी पट्ट्यांवर काळपट साय धरली होती. अशा वेळी लगेच वीज देऊ नये. आम्ही झाकण काढून कॅबिनेट दोन दिवस साध्या पंख्याखाली ठेवले. उन्हात नाही आणि गरम हवेच्या यंत्राखालीही नाही, कारण त्याने प्लास्टिकचे सांधे वाकतात. मग वाळलेली धूळ मऊ ब्रशने झाडली. रॅम काढून तिच्या पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, कीस झटकला आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप टक् करून बसेपर्यंत ती परत दाबली. संगणक पहिल्याच बटणाला चालू झाला.

हे काम घरी करता येते, पण त्याची पथ्ये आहेत. प्लग काढल्यावर कॅबिनेटचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. भागांना हात लावण्यापूर्वी उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. ब्लोअरने हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरावे. मोकळे सोडले तर ते नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. आणि एसएमपीएसचे झाकण आपण कधीही उघडू नये, कारण त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज तोडल्यानंतरही काही वेळ सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठलेला असू शकतो.

पावसाळ्यात संगणकाचे काम नसले तरी दिवसाआड अर्धा-पाऊण तास तो चालवावा. आतल्या उबेने ओल बाहेर पडते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांपेक्षा मला हा उपाय जास्त खात्रीचा वाटतो. प्लास्टिकचे आच्छादन काढून सुती कापड वापरावे, आणि तेही संगणक बंद करून तो पुरता निवल्यावर घालावे, कारण गरम कॅबिनेटवर प्लास्टिक ओढले की आतला दमटपणा आतच कोंडतो. मागच्या बाजूला कार्डाची रिकामी फट उघडी राहिली असेल तर तिच्यावर पट्टी बसवावी. तिथून पाल आत जाते आणि ती दोन पिनांच्या मध्ये आली तर दोघांचाही शेवट होतो.

धुळीबद्दल फार लिहीत नाही. संगणक चालू केल्यावर पहिली दहा मिनिटे चांगला चालून नंतर रेंगाळत असेल, पंखा मोठ्याने घोंघावत असेल, तर आधी उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हिटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमधली धूळ काढावी, आणि पाच-सहा वर्षे झाली असतील तर या दोघांमधली उष्णता वाहून नेणारी, सुकलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावून घ्यावी.

एक अगदी छोटा भाग मात्र पुष्कळ लोकांना विनाकारण खर्चात पाडतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल, ३ व्होल्टची, सीआर२०३२ या क्रमांकाची बॅटरी असते आणि संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली की प्रत्येक वेळी तारीख कित्येक वर्षे मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते, त्यामुळे तारीख चुकली की ब्राउझर बँकेचे किंवा मेलचे पान उघडायला नकार देतो. आमच्या शेजाऱ्यांना एका दुकानात या लक्षणावर ‘विंडोज नवीन टाकावी लागेल’ असे सांगितले होते. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहावी, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

इथवर जे लिहिले त्यातली प्रत्येक वस्तू पैसे टाकून परत मिळते. डिस्कमध्ये जे लिहिलेले असते ते तसे मिळत नाही, आणि हा धडा आम्हाला २०१६ च्या डिसेंबरात मिळाला. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, २००९ पासून बागेचा सगळा हिशेब संगणकावर ठेवत होते : कोणत्या कलमाला मोहोर कधी आला, फवारणी कधी झाली, किती पेट्या वाशीला गेल्या, किती पुण्याला, दर काय लागला. आप्पा शिस्तीचे. दर शनिवारी सी ड्राइव्हमधले सगळे हिशेब ते डी ड्राइव्हमध्ये कॉपी करत आणि त्याला बॅकअप म्हणत. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज चार दिवस येत होता. पाचव्या दिवशी संगणकाला ती डिस्क दिसेनाशी झाली. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, कपाटच जळाले तर दोन्ही कप्पे जळतात, हे आप्पांना कोणी सांगितले नव्हते आणि तोपर्यंत मलाही ते नीट उमगलेले नव्हते. सात हंगामांपैकी दोन हंगाम कागदी पावत्यांवरून परत लिहिता आले. एक हंगाम डोंबिवलीच्या दिरांकडे दिलेल्या पेनड्राइव्हमध्ये सापडला. बाकीचे चार गेले ते गेलेच.

डिस्क मरण्यापूर्वी बहुधा इशारा देते. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली नोंद वाचून दाखवते. फिरत्या हार्ड डिस्कच्या त्या यादीत ‘रिअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी पाहाव्यात. पहिली ओळ डिस्कने किती खराब जागा बाजूला टाकून राखीव जागा वापरल्या ते सांगते. दुसरी, किती जागा वाचताना अडखळते आहे ते. दोन्हींपुढे शून्य असेल तर ठीक. शून्य नसेल आणि महिन्याभरात आकडा वाढला, तर दुरुस्तीच्या नादी न लागता त्याच दिवशी सगळे दुसरीकडे काढून घ्यावे. आवाज येऊ लागला असेल तर डिस्क पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. आतले डोके चकतीवर घासत असेल तर प्रत्येक प्रयत्नाने उरलेली माहितीही खरवडली जाते. एसएसडीमध्ये, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारे काही नसते, त्यामुळे ती आवाज करत नाही आणि कधीकधी काहीही न सांगता एकदम जाते. जुन्या संगणकाला एसएसडी बसवणे हा माझ्या मते सर्वांत फलदायी खर्च आहे, कारण जो संगणक चालू व्हायला तीन मिनिटे घेत होता तो अर्ध्या मिनिटात उभा राहतो. पण एसएसडी आली म्हणून बॅकअपची गरज संपत नाही. तिला डीफ्रॅगही (विखुरलेल्या फाइली एकत्र मांडण्याची क्रिया) करू नये, त्याने नुसती झीज होते.

आता आमच्याकडे हिशेबाच्या आणि फोटोंच्या तीन प्रती असतात. एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर. बाहेरची डिस्क कॉपी झाली की ‘सेफली रिमूव्ह’ करून काढून कपाटात ठेवायची. ती कायम लावून ठेवली तर विजेचा लोट दोन्ही डिस्कांना लागतो आणि फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तो तिच्यातल्या फाइलींनाही कुलूप घालतो. घराबाहेरच्या प्रतीसाठी गूगल ड्राइव्हची १५ जीबी जागा हिशेबांना भरपूर होते, फोटोंना मात्र पुरत नाही, कारण १ जून २०२१ पासून फोटोही त्याच १५ जीबीत मोजले जातात. त्यामुळे फोटोंची डिस्क आम्ही दिरांच्या घरी ठेवतो आणि गणपतीला ते आले की नवी डिस्क जाते, जुनी येते.

प्रत ठेवली म्हणजे ती उघडते असेही नाही. डोंबिवलीहून आलेल्या त्या पेनड्राइव्हमधली फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसली. आप्पांनी ती शिवाजी फाँटमध्ये टंकलेली होती आणि नव्या संगणकात तो फाँट नव्हता. जुन्या मराठी फाँटांमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवलेली असतात, त्यांच्यावर फक्त देवनागरीचा चेहरा चढवलेला असतो. फाँट गेला की चेहरा जातो. युनिकोडमध्ये ‘आ’ हा ‘आ’ म्हणूनच साठतो आणि कोणत्याही फोनवर, कोणत्याही संगणकावर वाचता येतो. ज्यांच्या घरी २०१० च्या आधीची मराठी पत्रे, हिशेब, वंशावळी संगणकात आहेत त्यांनी त्या फाइली आताच, फाँट सापडतो आहे तोवर, युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात आणि सोबत पीडीएफही करून ठेवावी. त्यासाठी मोफत परिवर्तक मिळतात. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात, म्हणून एकदा मुळाशी ताडून पाहावे लागते. आम्हाला त्या एका हंगामाला दोन रात्री लागल्या.

प्रत उघडून पाहण्याचा दिवस आम्ही ठरवून टाकला आहे. खंडेनवमीला कोयती-कुऱ्हाडीबरोबर आमच्याकडे संगणकाचीही पूजा होते. त्याच्या आदल्या दिवशी कॅबिनेट साफ करायचे, बाहेरच्या डिस्कवरच्या कोणत्याही पाच फाइली उघडून पाहायच्या, आणि पूजेत हळदकुंकू कॅबिनेटच्या जाळीवर न वाहता पाटावर वाहायचे, कारण ती बारीक पूड पंख्याने सरळ आत ओढली जाते.

सॉफ्टवेअरबद्दल माझे म्हणणे थोडक्यात आहे. अपडेट बंद करू नयेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दोन लाखांहून अधिक संगणकांतल्या फाइलींना कुलूप घातले, पण ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेले होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि साधारण २०१८ पूर्वीचे बरेच संगणक तिच्या अटींत बसत नाहीत. असा संगणक भंगारात काढण्याआधी लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. संगणकातल्या विंडोजला हात न लावता ती चालवून बघता येते, इनस्क्रिप्ट या कळफलकाने मराठी टंकता येते आणि लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्सेलचे साधे हिशेब नीट उघडतात. विकतचे सॉफ्टवेअर पैसे न देता चालू करून देणाऱ्या फुकटच्या ‘ॲक्टिव्हेटर’पासून मात्र दूर राहावे. जे सॉफ्टवेअर सुरू होण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करायला सांगते, त्याच्या हाती घराची किल्ली देऊ नये. विंडोजमध्ये येणारा अँटीव्हायरस घरगुती वापराला पुरतो. दोन-दोन बसवले तर ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. आणि फोनवरून कोणी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड दिसतोय, हे ॲप टाका, नंबर सांगा’ म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. चूक होऊन पैसे गेलेच तर घरातल्यांना सांगायला लाजत बसू नये, त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी. पैसे वाटेत गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

राहिली ती वही. तिच्यात यूपीएसची बॅटरी बसवल्याची तारीख, डिस्कचे दर महिन्याचे दोन आकडे, अर्थिंगला पाणी घातल्याचे दिवस आणि हमीच्या पावत्यांच्या झेरॉक्स प्रती आहेत. नव्या संगणकात विंडोज ११ डिस्कला स्वतःहून कुलूप लावून ठेवू शकते. मदरबोर्ड बदलला की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर चांगली डिस्कसुद्धा उघडत नाही. ती की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठलेली असते आणि ते खाते फोनवरूनही उघडता येते, पण ऐन वेळी खात्याचा पासवर्ड आठवेलच असे नाही. म्हणून त्या मुलीला सांगितले की संगणक घरी आला त्याच दिवशी ते ४८ अंक कागदावर उतरवायचे, दोनदा ताडायचे आणि तो कागद घराच्या सातबाऱ्याबरोबर ठेवायचा.